तिसाव्या पानापाशी थांबलेली चौदा पुस्तकं

"वाचनाची एवढी आवड, मग काय, सोन्याहून पिवळं! दिवसभर बसून वाचायचं आणि वर पगार." आमच्या वाचनालयात कुणी नवीन लागलं की गावात हे बोलणं होतंच. मी लागले तेव्हा माझ्या मावशीनेही हेच म्हटलं होतं. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे ग्रंथालय सहायक म्हणून जी मुलगी लागली, तिच्या घरी पेढे वाटतानाही हेच बोललं गेलं. ऑगस्ट संपायच्या आत तिचं वाचन पार बंद पडलं होतं आणि वाचनालयाची चौदा कोरी पुस्तकं नोंद न होता तिच्या घरी पडून होती.

या तीन महिन्यांत काय घडलं आणि त्यात माझा वाटा किती, ते इथे लिहिते आहे. मजकूर तिला वाचून दाखवला आहे, तिची हरकत नाही. तिचं आणि गावाचं नाव मात्र दिलेलं नाही. वाचनालयात काम करणाऱ्यांना यात काही ओळखीचं सापडेल असं वाटतं. ज्यांच्या घरातलं पुस्तकवेडं पोर नुकतं नोकरीला लागलं आहे, त्यांनीही वाचावं.

वाचनालय आणि ती

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वाचनालय संस्थेचं, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं, 'ब' वर्गातलं. शासनाचं अनुदान दोन हप्त्यांत येतं, पगार त्यातूनच निघतात आणि हप्ता लांबला की पगारही लांबतो. हे मी मुलाखतीतच तिला स्पष्ट सांगितलं होतं. "चालेल मॅडम," ती म्हणाली. तिचं लक्ष माझ्या मागच्या कपाटाकडे होतं.

सध्या आम्ही तिघं आहोत. मी ग्रंथपाल, ही सहायक, आणि तीस वर्षं शिपाई म्हणून काम केलेले मामा. वेळ सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ. ही दोन तुकड्यांतली वेळ लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

मुलगी तेवीस वर्षांची, मराठी घेऊन एम.ए. झालेली. वडील एसटीत कंडक्टर. चौथीत असताना ती वडिलांच्या नावावर सभासद झाली. तिची जुनी वाचक कार्डं अजून आमच्या पेटीत आहेत, दोन्ही बाजूंनी भरलेली, एकाला एक टाचलेली. महिन्याला पाच-सहा पुस्तकं हा तिचा वेग. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या दुप्पट. वाचलेल्या पुस्तकांची वही ठेवायची, त्यात तारीख आणि दोन ओळींचं मत. अशी वाचक वाचनालयाला दहा वर्षांत एखादीच मिळते. तिचा अर्ज आला तेव्हा मी बाकीचे अर्ज नीट पाहिलेसुद्धा नाहीत, हे कबूल करते. चांगला वाचक म्हणजे चांगला ग्रंथालय कर्मचारी, असं मी धरून चालले होते.

काम काय असतं

बाहेरून दिसत नाही म्हणून थोडं विस्ताराने सांगते. सकाळी दार उघडलं की आधी वर्तमानपत्रवाले आजोबा येतात. त्यांना अंक क्रमाने लावलेला लागतो, पुरवणी आत. मग परत आलेली पुस्तकं. एकेक उघडून पाहायची: पान फाटलं आहे का, पावसात भिजलं का, आत कुणाचं लाइट बिल राहिलं आहे का. कार्ड शोधून पुस्तकाच्या खिशात घालायचं, तारीखपत्रक भरलं असेल तर नवं डकवायचं. मग पुस्तक कपाटात त्याच्याच जागी. दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, मराठी कादंबरी ८९१.४६३ ला, कविता ८९१.४६१ ला, पाककृती ६४१.५ ला. एक पुस्तक दोन बोटं जरी इकडेतिकडे गेलं तरी ते हरवल्यातच जमा. पुढच्या साठा पडताळणीपर्यंत ते कुणालाच सापडत नाही.

पावसाळ्यात कसर आणि बुरशी. खालच्या फळ्या दर आठवड्याला रिकाम्या करून पुसाव्या लागतात. श्रावण लागला की पोथ्यांची आणि व्रतकथांची मागणी एकदम वाढते. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तिथे स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटेपासून बसलेली असतात. त्यांच्या पंख्यांच्या, पाण्याच्या, जागेवरून होणाऱ्या भांडणांच्या तक्रारी खाली आमच्याकडेच येतात. वर्गणीच्या पावत्या, अनामतीचा हिशेब, दंड. आणि देवघेवीच्या टेबलापलीकडून सतत, न थांबता येणारे प्रश्न. "मागच्या वेळी नेलं होतं ते, त्याच्यावर बाईचं चित्र होतं, त्याचा दुसरा भाग आहे का?" पुस्तकाचं नाव माहीत नाही, लेखकाचंही नाही, आणि 'मागची वेळ' दोन वर्षांपूर्वीची.

पहिल्या आठवड्यात ती टेबलावर मांडीत पुस्तक ठेवून वाचायची. गर्दी नसली की दोन पानं, कुणी आलं की बोट घालून मिटायचं. तिसऱ्या दिवशी तिने एका वाचकाच्या पुस्तकावर परतीची तारीख गेल्या महिन्याची मारली. मी तिथेच, लोकांसमोर बोलले, "टेबलावर उघडं पुस्तक नको."

नियम माझ्या आधीच्या ग्रंथपालांचा आणि तो मला आजही पटतो. समोरचा माणूस वाचत असला की येणारा बिचकतो. एखादी बाई पहिल्यांदा आत आलेली असते, तिला काय हवं ते नीट सांगताही येत नसतं. टेबलामागची मुलगी पुस्तकात मान घालून बसलेली दिसली की ती वर्तमानपत्र चाळून निघून जाते आणि पुन्हा येत नाही. असं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण हे कारण मी तिला सांगितलं नाही. नुसता हुकूम सोडला. तिने पुस्तक पिशवीत टाकलं आणि त्यानंतर कामावर कधी उघडलं नाही.

दोन तक्रारी

जुलैमध्ये एक आजी माझ्याकडे आल्या. निवृत्त बालवाडी शिक्षिका, रहस्यकथांच्या पक्क्या वाचक, आठवड्याला दोन. म्हणाल्या, "बाई, तुमची ती नवी मुलगी गोड आहे, पण मला शिकवते. मी खुनाचं पुस्तक मागितलं की तोंड बारीक करते आणि दुसरंच हातात देते. एकदा घेतलं तिच्या मनासाठी. दहा पानांत झोप लागली."

दुसरी तक्रार एका वडिलांची. त्यांच्या सातवीतल्या मुलाला तिने सांगितलं होतं की हे पुस्तक तुझ्या वयाला लहान आहे. मुलगा पुस्तक तिथेच ठेवून रिकाम्या हाताने घरी गेला.

मी तिला बोलावून विचारलं. तिला खरंच वाईट वाटलं. "मॅडम, मला वाटलं चांगलं वाचायला मिळालं तर त्यांना आवडेल. मला असं कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं." त्यात खोटं काही नव्हतं. एकटीने, कुणी दाखवायला नसताना, कपाटामागून कपाट धुंडाळत ती वाढली होती. आपण जी वाट चाचपडत काढली ती दुसऱ्याला आयती द्यावी, एवढाच तिचा हेतू होता. पण आजींना वाट नको होती. त्यांना रात्री साडेनऊला औषध घेतल्यावर झोप लागेपर्यंतचा सोबती हवा होता, आणि तो कोण ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी तिला 'लोकांना हवं ते दे' असं सांगून विषय संपवला. इथेही मी थोडक्यात आटोपलं.

गठ्ठा

जुलैच्या शेवटी पुण्याहून नवी खरेदी आली. अप्पा बळवंत चौकातल्या आमच्या नेहमीच्या विक्रेत्याकडून दोन मोठे गठ्ठे. नवीन पुस्तक वाचकाच्या हातात जाण्याआधी बरंच काही व्हावं लागतं. बिलाशी ताडून पाहायचं, दाखल नोंदवहीत चढवायचं: दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत, बिलाचा क्रमांक. मग शिक्के. एक शीर्षकाच्या पानावर, एक शेवटी, आणि एक आमच्या ठरलेल्या गुप्त पानावर. बाहेरचे दोन्ही शिक्के कुणी फाडले तरी या पानावरून पुस्तक आपलं आहे हे ओळखता येतं. मग खिसा, कार्ड, कण्यावर क्रमांकाची चिठ्ठी.

हे काम मी तिच्यावर सोपवलं. मला वाटलं, नव्या पुस्तकांत रमेल. फळ्यावर नव्या पुस्तकांची यादीही तिनेच लिहिली, सुंदर अक्षरात.

१२ ऑगस्ट हा भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस, म्हणून ग्रंथपाल दिन. दरवर्षीप्रमाणे फोटोला हार घातला, पाच-पंचवीस वाचक जमले आणि मी त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांवर बोलले. पुस्तकं उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ती बाजूला ट्रे घेऊन उभी होती. तिचा चेहरा उतरलेला दिसला, पण उपवासाचे दिवस होते, मी तिकडे फार लक्ष दिलं नाही.

आठवड्याभराने कापड दुकानवाले काका फळ्यावरचं एक पुस्तक मागायला आले. सापडेना. नोंदवहीत पाहिलं तर चढवलेलंच नव्हतं. बिलावर खूण होती, नोंद नव्हती. दुसरंही तसंच, तिसरंही. मी मोजत गेले तसं पोटात कालवायला लागलं. काका गेल्यावर मामा जवळ आले. "मॅडम, सांगावं का नको कळत नव्हतं. पोरगी रोज एखाद-दुसरं घेऊन जाती घरी. वाचायलाच नेत असणार. वाईट पोरगी नाही."

मी तिला विचारलं तेव्हा ती एक शब्दही लपवाछपवीचा बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दोन कापडी पिशव्या टेबलावर ठेवल्या. चौदा पुस्तकं. एकालाही डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही. म्हणाली, "दाखल केलं की लगेच कुणीतरी नेणार, मग माझा नंबर कधी लागणार असं वाटायचं. वाचून दोन दिवसांत आणायचं ठरवायचे."

"मग वाचलीस का?"

ती गप्प राहिली. मी वरचं पुस्तक उघडलं. खूण म्हणून एसटीचं तिकीट घातलेलं होतं, सव्वीसाव्या पानाशी. दुसऱ्यात अठराव्या. तिसऱ्यात तिसाव्या. चौदाही पुस्तकांत तिकिटं होती आणि एकही तिसाव्या पानाच्या पुढे नव्हतं.

माझा राग तिथेच गेला. कोरी पुस्तकं चढवायच्या आधी घरी नेणं ही चूकच, आणि वाचनालय लोकांच्या वर्गणीवर चालत असताना ती बारीकसारीक चूक नाही. कुणी तिला चोरी म्हटलं असतं तर नियमाने त्याला खोडता आलं नसतं. पण हव्यासापोटी नेलेली पुस्तकं अशी दिसत नाहीत. बुडणारा माणूस काठावरची एकेक फांदी धरून बघतो, तशी ती तिकिटं मला दिसली.

काय झालं होतं

त्या दिवशी दुपारी, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, मी तिला घरी जाऊ दिलं नाही. मागच्या खोलीत बसलो, मामांनी चहा आणला. दोन तास ती बोलली. त्यातलं मला जे समजलं ते असं.

पहिलं म्हणजे वेळ. अकराला घरी, साडेतीनला परत निघायचं. मध्ये जेवण, आईला मदत, धुणं. रात्री साडेआठला घरी. पूर्वी ती दुपारी सलग तीन-चार तास वाचायची. आता दिवसाचे तुकडे झाले होते आणि एकही तुकडा पुस्तकात उतरायला पुरेल एवढा मोठा नव्हता. डोळ्यांपेक्षा पाय दुखायचे, हे तिने दोनदा सांगितलं. उभं राहण्याचं काम तिने आधी कधी केलंच नव्हतं.

दुसरं मला अधिक महत्त्वाचं वाटतं. दिवसाला पन्नास-साठ पुस्तकं हातातून जाताना तिला पुस्तक 'बघायची' सवय लागली. मलपृष्ठ, पहिला परिच्छेद, पानं किती, किंमत किती. कामाला ही नजर लागतेच. पण रात्री अंथरुणात पुस्तक उघडलं तरी हात त्याच वेगाने चालायचा. वीस पानं झाली की मन म्हणायचं, कळलं, आता पुढचं. "मॅडम, मला ना पुस्तक संपवायची भीतीच वाटायला लागली. हे वाचत बसले तर बाकीची निसटतील."

आधी एक पुस्तक घरी आलं की पंधरा दिवस ते एकच जग होतं. आता हजारो पुस्तकांच्या मध्ये उभं राहून तिला सगळ्यांची एकदम भूक लागली होती, आणि अशा भुकेत घास गिळता येत नाही.

तिसरी गोष्ट तिने शेवटी, खाली बघत सांगितली. पूर्वी पुस्तकाचा वास आला की तिला सुट्टी लागल्यासारखं वाटायचं. आता त्या वासाने आठवायची ती फळी पुसायची फडकी, चुकलेली तारीख आणि मी सगळ्यांसमोर बोललेलं वाक्य.

हे ऐकायला जड गेलं. पण बरं झालं ऐकलं.

तेव्हा मी तिला रंगनाथनांची ती गोष्ट सांगितली जी भाषणात कधी येत नाही. ते मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच तिथला एकांत त्यांना असह्य झाला. ते आपल्या जुन्या प्रेसिडेन्सी कॉलेजात परत गेले आणि मला पुन्हा शिकवायला घ्या म्हणाले. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयाचं शिक्षण घे, त्यानंतरही नको वाटलं तर बघू, असं त्यांना सांगण्यात आलं. तिकडे त्यांनी माणसांनी गजबजलेली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि परतले ते जन्मभर याच कामात राहिले. ज्या माणसाच्या फोटोला आपण हार घालतो, त्यालाही पहिल्या महिन्यात पळून जावंसं वाटलं होतं.

तिने विचारलं, "त्यांना माणसं नव्हती म्हणून त्रास झाला. मला तर माणसांचाच होतोय."

प्रश्न बिनतोड होता. त्यांना जे हवं होतं ते तिच्यापुढे रोज टेबलापलीकडे येऊन उभं राहत होतं, पण तिला ती माणसं आपल्या आणि पुस्तकांच्या मध्ये उभी असलेली वाटत होती. हे तिच्या लक्षात मीच आणून द्यायला हवं होतं, जूनमध्येच. मी तिला दशांश वर्गीकरण शिकवलं, पावतीपुस्तक शिकवलं, नोंदवही शिकवली. वाचक कसा ऐकायचा हे शिकवायचं राहून गेलं.

मग काय केलं

संस्थेच्या कार्यवाहांना मी सगळं तोंडी सांगितलं. लपवणं बरोबर नव्हतं. त्याच दमात हेही सांगितलं की नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः अशी पुस्तकं घरी नेली आहेत, कारण कर्मचाऱ्यांनी पुस्तकं कशी न्यावीत याचा काही नियमच आमच्याकडे नव्हता. कार्यवाह जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मग नियम करा. आणि तुम्हालाही लागू करा."

नियम साधा केला. कर्मचाऱ्यालाही वाचक कार्ड, एका वेळी दोन पुस्तकं, मुदत पंधरा दिवस, दंड सर्वांना आहे तोच, दिवसाला एक रुपया. दाखल न झालेलं पुस्तक दाराबाहेर जाणार नाही. नवं पुस्तक आधी वाचकांना. मागणी वहीत कुणाचं नाव असेल तर आपला नंबर त्याच्यानंतर. पहिलं कार्ड मी माझं केलं. मामांनीही केलं. त्यांनी आयुष्यात पुस्तक घरी नेलं नव्हतं, पण कार्ड पाहिजे म्हणाले.

चौदा पुस्तकं तिने दोन दिवसांत चढवली. कापड दुकानवाल्या काकांना तिने स्वतः फोन करून सांगितलं की पुस्तक आलं आहे आणि उशीर माझ्यामुळे झाला.

दुसरा बदल करताना मला धाकधूक होती. शनिवारी सकाळी दहा ते अकरा हा तास मी तिला टेबलावरून मोकळा केला. त्या तासात मागच्या खोलीत बसून वाचायचं, पण आपल्या आवडीचं नाही. त्या आठवड्यात जी पुस्तकं सर्वांत जास्त फिरली, त्यांची सुरुवातीची वीस-वीस पानं. रहस्यकथा, बालकथा, शेतीवरची, आरोग्यावरची, श्रावणातल्या पोथ्यासुद्धा. वीस पानं वाचून पुढचं उचलायची तिला लागलेली सवय होतीच, तिलाच कामाला लावलं. आणि वाचलेल्या पुस्तकांच्या तिच्या वहीसारखी दुसरी एक वही करायला सांगितली: वाचकाने नेमक्या कोणत्या शब्दांत काय मागितलं, आणि शेवटी काय नेलं.

पहिले दोन शनिवार तिने तोंड वाकडं केलं. तिसऱ्या शनिवारी बाहेर आली ती सरळ माझ्याकडे. "मॅडम, आजी वाचतात त्या पुस्तकात दर प्रकरणाच्या शेवटी एक दार उघडतं. कुणीतरी येतं, काहीतरी सापडतं. म्हणून त्यांना ते थांबवत नाही. आणि त्या दर वेळी तेच मागत नाहीत. ज्यात घर आहे, कुटुंब आहे, त्यातलाच खून त्यांना लागतो. टोळीयुद्धाचं दिलं तर त्या परत आणतात." आजी आमच्याकडे पंधरा वर्षं येत आहेत. हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मामांचाही तिला उपयोग झाला. कपाटात पुस्तक कुठे आहे हे ते क्रमांकावरून सांगत नाहीत, 'त्या वकिलांनी परवा परत केलं ते' असं सांगतात, आणि बरोबर सांगतात. कोण कुणाचं वाचून तेच मागतं, कोणती सून सासूसाठी नेते आणि आधी स्वतः वाचते, हे सगळं त्यांना पाठ आहे. ती ते वहीत उतरवून घ्यायला लागली.

प्रत्येक गोष्ट जमली असं नाही. सातवीतला तो मुलगा परत आला नाही. तिने त्याच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या भावाकडून निरोप पाठवला, दोनदा. अजून आलेला नाही. मी स्वतः वडिलांना भेटायला हवं होतं, ते राहिलंच. दोन पाळ्यांची वेळ बदलता येईना. संध्याकाळीच वाचक येतात, सकाळीच वर्तमानपत्रवाले. ऑक्टोबरचा पगार लांबला तेव्हा घरात पुन्हा 'स्पर्धा परीक्षेला बस' सुरू झालं. त्यांचं चुकतं असंही मला म्हणवत नाही. एवढ्या कामाला एवढा पगार, तोही वेळेवर नाही, हे योग्य नाही. पुस्तकांवरच्या प्रेमाखातर माणसं हे सोसतात आणि म्हणून वर्षानुवर्षं ते तसंच चालत राहतं.

दिवाळी अंकांच्या दिवसांत मात्र तिने बाजी मारली. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकापासून चालत आली आहे, आणि आमच्यासारख्या वाचनालयांना वर्षातली खरी गर्दी याच सुमारास होते. वेगळी वर्गणी भरली की होळीपर्यंत अंकच अंक. एरवी लोक यादीतली मोठी नावं मागतात आणि छोट्या गावांतून निघणारे चांगले अंक तसेच राहतात. तिने दर अंकातली एक कथा किंवा एक लेख वाचून त्याच्यावर चिठ्ठी लावली: 'यात आजोळच्या विहिरीवरचा लेख आहे, पान ८४.' 'यातली शेवटची कथा प्रवासात वाचा.' शिकवणारी एकही चिठ्ठी नव्हती. अंक भराभर गेले. वर्तमानपत्रवाल्या आजोबांनीसुद्धा वर्गणी भरली.

सध्या

घरी वाचण्याचं कसं झालं, हे मी मुद्दाम विचारत नव्हते. डिसेंबरमध्ये तिनेच सांगितलं. घरी ती आता वाचनालयाचं एकच पुस्तक नेते, दोनाची मुभा असून. त्याच्या जोडीला तिच्या स्वतःच्या कपाटातली जुनी, आधी वाचलेली पुस्तकं. ज्यांचा शेवट माहीत आहे तिथे हात घाई करत नाही, असं तिचं म्हणणं. महिन्याला पाच-सहावरून ती दीड-दोनवर आली आहे. तिला याचं अजून वाईट वाटतं. मला फारसं वाटत नाही, पण वाचणाऱ्याची भूक किती हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम करावा का, याचा ती विचार करते आहे. स्पर्धा परीक्षेचा अर्जही भरला आहे. दोन्हींपैकी ती काय निवडेल ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी दंडाच्या पावत्या तपासत होते. आठ रुपयांच्या एका पावतीवर तिचं स्वतःचं नाव. पावती तिनेच फाडलेली, पैसे पेटीत जमा. सहाशेवर पानांची कादंबरी, आठ दिवस उशीर. मी कार्ड काढून पाहिलं. त्याच दिवशी तेच पुस्तक तिने पुन्हा स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं, आणि मागणी वहीत त्या पुस्तकापुढे आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'कुणाचीही मागणी नाही, तीनदा पाहिलं.'